हलकं काम दिलं आणि कंबर धरली: तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारातलं एक प्रकरण

रुग्ण पुरुष, वय ४७, वजन ६२ किलो. काम माथाडीचं, वाशी बाजार समितीच्या कांदा-बटाटा बाजारात. मूळ गाव पाटण तालुक्यात, राहायला कोपरखैरणेला. तक्रार कंबरदुखीची, गेल्या पावसाळ्यापासूनची. पूर्वी मोठं दुखणं नाही, साखर नाही, रक्तदाब नाही. तंबाखू आहे. टोळीत त्यांना नाना म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. ओळख पटेल असे बाकीचे तपशील नानांच्या आणि मुकादमांच्या संमतीने बदलले आहेत.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझा अभ्यास मणक्यावर येणारा भार आणि माणसाची हालचाल यांचा. नाना आले तेव्हा हातात एमआरआयची पिशवी होती आणि कमरेला पट्टा. एमआरआयच्या अहवालात कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली चकती थोडी फुगलेली असल्याची नोंद होती, नस दबल्याची नव्हती. आधी दाखवलं होतं तिथे ‘गादी सरकलीय, जड काम बंद’ असं सांगून तीन आठवडे झोपून राहायला सांगितलं होतं. गोणीवर मजुरी मिळणाऱ्या माणसाला तीन आठवडे झोपून राहा म्हणजे तीन आठवडे उपाशी राहा. नानांनी चार दिवस काढले आणि पुन्हा कामावर गेले.

‘जड काम बंद’ हा सल्ला ऐकायला इतका सरळ आहे की त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही. माथाडी कामगार, पन्नास किलोची गोणी, पाठ दुखते, मग कारण वेगळं ते काय असणार? पण नानांनी बोलता बोलता एक वाक्य टाकलं आणि हे प्रकरण लिहून काढण्याजोगं झालं. ते म्हणाले, “मॅडम, वीस-बावीस वर्सं पाठीवर गोन्या वाहिल्या तवा काय बी झालं न्हाई. गुडघं कुरकुर करायला लागलं म्हनून मुकादमानं हलक्या कामाव घातलं, आन् तवापास्नं ही कंबर.”

हे हलकं काम काय असतं, ते ज्यांनी बाजार आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. नाशिक, पुणे, नगरकडून कांद्याच्या आणि उत्तरेकडून, गुजरातेतून बटाट्याच्या गाड्या रात्रीतून येऊन लागतात. पहाटे टोळी गाडीला भिडते. दोघे जण गाडीत चढतात आणि थप्पीतली गोणी दोन बाजूंनी धरून फाळक्याशी, म्हणजे गाडीच्या मागच्या उघडणाऱ्या फळीशी, आणतात. खाली पाठ वाकवून उभ्या असलेल्या वाहणाऱ्याच्या पाठीवर ती ठेवतात. वाहणारा ती घेऊन गाळ्यावर जातो, थप्पीला लावतो, परत येतो. गाडीतल्या दोघांना चालावं लागत नाही, फळी चढावी लागत नाही, गुडघ्यावर काही येत नाही. शिवाय गोणी दोघांत वाटलेली, म्हणजे एकाच्या वाट्याला पंचवीस किलो. वय झालेल्या, गुडघे धरलेल्या माणसाला टोळी हे काम देते. ही टोळीची माणुसकी आहे आणि तीत खोट काढावी असं मला वाटत नाही. कायद्याने माथाडींना बोर्ड, लेव्ही, भविष्यनिर्वाह निधी १९६९ साली दिला, पण कोणाच्या गुडघ्यांना कोणतं काम झेपेल हे आजही टोळीच ठरवते.

दुखण्याची पद्धत विचारली तेव्हा चित्र आणखी स्पष्ट झालं. सगळ्यात जास्त दुखतं पहिल्या गाडीला. त्या गाडीतही वरचे थर उतरवताना नाही, शेवटचे दोन थर आले की. दुसऱ्या गाडीच्या शेवटच्या थरांना दुखतं, पण निम्मंच. दहा वाजता चहाला बसले की वाटतं काही झालंच नाही. दुखणं कमरेत मधोमध, क्वचित उजव्या कुल्ल्यापर्यंत, गुडघ्याच्या खाली कधीच नाही. खोकताना, शिंकताना चमक येते. उकिडवं बसलं तर जड वाटतं, चाललं की मोकळं होतं.

आधी धोक्याच्या खुणा तपासल्या, कारण त्या असत्या तर पुढचं सगळं गैरलागू ठरलं असतं. लघवी-शौचावरचा ताबा ठीक, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा नाही, ताप नाही, वजन घटलेलं नाही, रात्री झोपेतून उठवणारी वेदना नाही. टाचांवर आणि चवड्यांवर चालणं व्यवस्थित. पाय सरळ उचलल्यावर कळ खाली उतरत नाही. यातलं एकही बिघडलेलं असतं तर मी त्यांना त्याच दिवशी पुढे पाठवलं असतं.

आता एमआरआयबद्दल. कागदावर ‘बल्ज’, म्हणजे फुगवटा, हा शब्द छापलेला पाहिला की माणूस स्वतःला मोडका समजायला लागतो. नाना पिशवी माझ्यापुढे दोन्ही हातांनी धरत होते, जशी काही त्यातच ती चकती आहे. २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात पाठीत अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक लोकांचे फोटो एकत्र पाहिले होते. चाळिशीतल्या निम्म्या लोकांत आणि पन्नाशीतल्या साठ टक्के लोकांत चकती फुगलेली आढळली. म्हणजे नानांचा फोटो त्यांच्या वयाच्या, काही न दुखणाऱ्या कित्येकांसारखाच आहे. फोटो खोटा नाही. पहिल्या गाडीला दुखतं आणि तिसऱ्या गाडीला का नाही, हे मात्र तो सांगू शकत नाही, कारण फोटो काढताना माणूस आडवा आणि निश्चल असतो.

दुखणं हालचालीत असेल तर तपासणीही हालचालीतच करायला हवी. या विषयात कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांचं काम महत्त्वाचं आहे. तीसेक वर्षं त्यांनी मणक्याची प्रयोगशाळा चालवली. एकीकडे डुकरांच्या मणक्यांवर यंत्राने भार देऊन चकती नेमकी कशी फाटते ते पाहिलं, दुसरीकडे जिवंत माणसांच्या स्नायूंचे विद्युतसंकेत आणि हालचाल मोजून मणक्यावरच्या भाराचा हिशेब मांडला. रुग्णाकडे पाहण्याची त्यांची रीत साधी आहे: कोणत्या हालचालीने, कोणत्या भाराने, कोणत्या स्थितीत दुखतं ते आधी शोधा, ते काढून टाका, मग ताकद बांधा. त्यांच्या तपासणीतली एक चाचणी मी नानांवर केली, आणि माझ्या मते अख्ख्या प्रकरणाचा निकाल तिथेच लागला.

नानांना लाकडी स्टुलावर बसवलं. पाठ सरळ, नजर समोर. दोन्ही हातांनी बसायच्या फळीच्या कडा धरायच्या आणि स्टूल वर ओढायचा, म्हणजे आपण स्वतःलाच खाली दाबतो आणि मणक्यांवर उभा भार येतो. नानांनी दात-ओठ खाऊन ओढलं. दंडाच्या शिरा टरारल्या, स्टूल करकरला. “काय न्हाय,” म्हणाले. मग सांगितलं, आता कंबर ढिली सोडा, पोक काढून बसा, आणि तसंच ओढा. त्यांनी निम्मा जोरही लावला नसेल, हात झटकन सोडले. “हीच ती,” म्हणाले. “हीच कळ.”

भार तोच, किंबहुना कमीच. फरक फक्त कमरेच्या बाकाचा. उभा भार नानांची कंबर आनंदाने सोसते. वाकलेल्या कमरेवर तोच भार आला की ती ओरडते.

मग एका पहाटे परवानगी घेऊन बाजारात गेले आणि मोबाइलवर बाजूने चित्रण केलं. नानांच्या अंगावर रंगीत चिकटपट्ट्या लावल्या होत्या: एक छातीच्या शेवटच्या मणक्यावर, एक माकडहाडाच्या वर, एक खुब्यावर, एक गुडघ्यावर. घामाने त्या दर पाच मिनिटांनी सुटत होत्या आणि टोळीतली पोरं हसून परत लावत होती. अशा चित्रणातून बारीक कोन निघत नाहीत, ढोबळ चित्र निघतं, आणि इथे ढोबळ चित्रच पुरेसं होतं. वरच्या थराला नानांचे हात छातीशी, पाठ जवळपास सरळ. मधल्या थराला हात मांडीशी. शेवटच्या थराला हात घोट्याशी, गुडघे ताठ, आणि कंबर तिला जितकं वाकता येतं तितकी वाकलेली. गोणीचा कान एका हातात, दुसरा हात बुडाखाली, आणि उचलता उचलता फाळक्याकडे वळण. दर वेळी उजवीकडे.

वाहणाऱ्यांचंही चित्रण केलं. घरी आल्यावर दोन्हींचा हिशेब मांडला, तो इथे देते.

वाकलेल्या माणसाची कंबर ही तरफ आहे. टेकू म्हणजे कमरेचा शेवटचा सांधा. एका बाजूला भार हातभर लांब, दुसऱ्या बाजूला पाठीचे स्नायू जेमतेम सहा सेंटीमीटरवर. एवढ्याशा अंतरावरून तोल सावरायचा म्हणजे स्नायूंना भाराच्या कितीतरी पट ओढावं लागतं, आणि ती ओढ चकतीवर दाब होऊन बसते. नानांच्या वाट्याची पंचवीस किलो, म्हणजे २४५ न्यूटन (न्यूटन हे बलाचं माप), कमरेच्या सांध्यापासून साधारण अर्धा मीटर पुढे: दोन्हींचा गुणाकार १२२ न्यूटन-मीटर. त्यात त्यांच्या स्वतःच्या कमरेवरच्या अंगाचं वजन. हे लोक नेहमी विसरतात. ते पस्तीस किलोच्या घरात आहे आणि वाकल्यावर त्याचा मध्य पाव मीटर पुढे जातो: आणखी ८५ च्या आसपास. बेरीज २०७. सहा सेंटीमीटरने भागलं की स्नायूंची ओढ सुमारे ३,४५० न्यूटन. तिरक्या वजनाचा थोडा वाटा धरला की चकतीवरचा दाब ३,६०० न्यूटनच्या आसपास जातो. आणि हा हिशेब माणूस पुतळ्यासारखा थांबलेला असतानाचा. झटका आणि वळण त्यात धरलेलंच नाही.

आता वाहणारा. पूर्ण पन्नास किलो पाठीवर, पण गोणी खांद्याच्या पात्यांवर आणि माणूस थोडा पुढे झुकलेला, म्हणजे गोणीचा मध्य जवळपास कमरेच्या सांध्याच्याच वर, चार-पाच सेंटीमीटर पुढे. नानांच्याच वजनाचा वाहणारा धरला तर सरळ उभं वजन ८०० न्यूटनच्या आतबाहेर आणि तोल सावरायला स्नायूंची ओढ हजाराच्या आतबाहेर. एकूण १,८०० न्यूटन.

म्हणजे दुप्पट वजन वाहणाऱ्याच्या चकतीवर निम्मा दाब.

अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेने, नायॉशने, १९८१ साली चकतीवरच्या दाबाची सावधगिरीची रेघ ३,४०० न्यूटनला आखली आणि ती आजही वापरात आहे. ‘हलकं काम’ त्या रेघेच्या वर निघालं आणि ‘जड काम’ बरंच खाली. माझे आकडे ढोबळ आहेत, अंतरं दोन-चार सेंटीमीटर इकडेतिकडे होतील, पण दोन कामांमधला फरक त्याने पुसला जात नाही. जिवंत माणसात मोजलेले आकडेही याच बाजूने बोलतात. जर्मनीतल्या उल्म इथे हान्स-योआखिम विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या चकतीत दाब मोजणारी सुई बसवली आणि १९९९ साली निष्कर्ष छापले. उभं राहिल्यावर दाब ०.५ मेगापास्कल. वीस किलो अंगाशी धरून उभं राहिल्यावर १.१. तेच वीस किलो पाठीचा बाक करून जमिनीवरून उचलताना २.३, आणि गुडघ्यात वाकून उचलताना १.७. माणूस एकच होता, त्यामुळे आकडे घासून घेऊ नयेत. चढउतार मात्र स्पष्ट आहे.

इथपर्यंत शेवटच्या थरांचं कोडं सुटलं. पण पहिली गाडीच का?

चकतीचा गाभा पाणी धरून ठेवणारा असतो. दिवसभर उभं राहून, बसून, ओझं वाहून त्यातलं पाणी हळूहळू पिळून निघतं आणि रात्री आडवं झाल्यावर परत शोषलं जातं. माणूस सकाळी उठतो तेव्हा संध्याकाळपेक्षा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर उंच असतो, आणि ही जास्तीची उंची निम्म्याहून अधिक पहिल्या तासातच जाते. विल्के यांच्या स्वयंसेवकाच्या चकतीतही रात्रभराच्या झोपेत दाब ०.१ वरून ०.२४ मेगापास्कलवर चढला होता. उठल्या उठल्या चकती अशी टरटरून फुगलेली असते. त्या वेळी कंबर पूर्ण वाकवली की मागच्या बाजूच्या कडांवर आणि हाडांना एकमेकांशी बांधणाऱ्या अस्थिबंधांवर ताण जास्त पडतो. अ‍ॅडम्स, डोलन आणि हटन या ब्रिटिश संशोधकांनी १९८७ साली मांडलेल्या हिशेबाप्रमाणे सकाळी वाकण्याचा ताण चकतीवर दिवसातल्या इतर वेळेपेक्षा सुमारे ३०० टक्के आणि अस्थिबंधांवर सुमारे ८० टक्के जास्त असतो. १९९८ साली अमेरिकेत स्टोव्हर स्नूक यांनी याची उलटी बाजू तपासली. जुनाट कंबरदुखीच्या लोकांना फक्त सकाळचं वाकणं टाळायला शिकवलं आणि त्यांचं दुखणं कमी झालं.

नाना साडेतीनला उठतात. तोंड धुऊन, चहा घेऊन मोटरसायकलवर बसतात, पोक काढून. चारच्या सुमाराला गाडीत. तासाभरात शेवटचे थर. दुसऱ्या गाडीपर्यंत चकतीतलं पाणी बरंच निघून गेलेलं असतं आणि तोच थर निम्मा दुखतो. पूर्वी वाहायचे तेव्हाही ते साडेतीनलाच उठत. पण तेव्हा पहिल्या तासात त्यांच्या कमरेवर उभा भार यायचा आणि वर चालणं व्हायचं. फुगलेल्या चकतीला तेच मानवतं.

एक शंका इथे प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. वाकून उचलणं वाईट, हे आमच्या विषयातलं पक्कं सत्य नाही. मॅकगिल यांच्या प्रयोगशाळेत हजारो वेळा वाकवल्यावर डुकराच्या मणक्यातली चकती फाटली हे खरं, पण मेलेली चकती स्वतःला दुरुस्त करत नाही. जिवंत माणसाची ऊती भाराला सरावते, घट्ट होते. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी उपलब्ध अभ्यास एकत्र केले, तेव्हा उचलताना कंबर जास्त वाकवणाऱ्यांना कंबरदुखी जास्त होते असा पुरावा त्यांना मिळाला नाही. ‘पाठ ताठ ठेवा’ हा मंत्र सगळ्यांना सरसकट देणं मला पटत नाही. त्याने माणसं वाकायलाच घाबरतात, आणि घाबरलेली कंबर जास्त दुखते. पण इथे प्रश्न सगळ्यांचा नव्हता. एका माणसाची ठरावीक कळ ठरावीक स्थितीत, ठरावीक वेळी, स्टुलावर बसवून हुकमी उठवता येत होती. अशा वेळी ती स्थिती काही आठवडे टाळायला लावणं यात कुठलाही पंथ पाळावा लागत नाही. आणि सराव म्हणाल, तर नानांची कंबर वाहायला सरावलेली होती. वाकून उचलण्याचा सराव तिला मिळालाच नाही, एका सोमवारी थेट पूर्ण माप गळ्यात पडलं.

मुकादमांना मी सांगितलं की नानांना पहिल्या गाडीला परत वाहायला लावा. ते माझ्याकडे बघतच राहिले. “मॅडम, मानूस मारता का काय? चकती सरकलेल्याला गोनी?” गाळ्यावरचे व्यापारीही हसले. मी तरफेचं चित्र कांद्याच्या हिशेबाच्या पट्टीच्या मागे काढून दाखवलं, त्याने कोणाचं समाधान झालं नाही. समाधान झालं ते नानांनी स्टूल मागवून तिथेच दोन्ही प्रकारे ओढून दाखवलं तेव्हा. मग तिथल्या आणखी तिघांनी स्टूल ओढून बघितला.

पण गुडघ्यांचं काय? ते मूळ कारण होतंच. नानांचे गुडघे फळी चढताना दुखत, सपाटीवर नाही. त्यामुळे तोडगा सरळ अदलाबदलीचा निघाला नाही, तुकड्यातुकड्यांचा निघाला. पहिल्या गाडीचे वरचे आणि मधले थर नाना गाडीत उभं राहून देतील. शेवटचे दोन थर आले की खाली उतरतील आणि वाहतील, तेही धक्क्याच्या पातळीवरच्या गाळ्यांपर्यंत, फळी न चढता. घरून निघण्याआधी मोटरसायकल मुलाकडे ठेवून थोडं पायी यायचं आणि मग रिक्षा पकडायची, असंही ठरलं होतं. ते आठवडाभरच टिकलं. पहाटे पावणेचारला कोपरखैरणेत रिक्षावाला थांबायला तयार नसतो.

दुसऱ्या गाडीपासून शेवटचे थर नानांनाच करायचे होते, म्हणून उचलण्याची रीत बदलायची होती. मी नेहमीप्रमाणे काठी पाठीला लावून शिकवायला लागले: डोकं, पाठ, माकडहाड तिन्ही काठीला लागलेलं ठेवून खुब्यातून वाका. नाना काठी लावून अवघडून गेले. मग कळलं की माणूस तरुणपणी तालमीत जायचा, गावच्या यात्रेत कुस्त्या धरलेल्या. मी म्हटलं, खडाखडीला उभे राहा बरं. काय उभे राहिले! कुस्तीच्या सुरुवातीच्या त्या पवित्र्यात गुडघे सैल, ढुंगण मागे, पाठ सपाट, भार पायाच्या मधोमध. जे शिकवायला मला दोन आठवडे लागले असते ते त्यांच्या अंगात तीस वर्षांपासून होतं. त्यानंतर मी काठी काढलीच नाही. “गोणीशी खडाखडी,” एवढंच सांगायचं.

तरीही घोट्याइतक्या खालच्या गोणीपर्यंत खडाखडीतूनही पोचता येत नाही. शेवटच्या थरासाठी युक्ती काढली ती टोळीतल्याच एका पोराने, माझं त्यात श्रेय नाही. जुन्या ताडपत्रीचा तुकडा फळ्यांवर अंथरायचा, गोणी उचलायची नाही, लोखंडी आकड्याने ताडपत्रीवर कलंडवून घ्यायची आणि ताडपत्रीसकट फाळक्यापर्यंत ओढत न्यायची. खाली उभा वाहणारा पाठ लावतो, गोणी सरळ त्याच्या पाठीवर सरकते. नुसती गोणी फरशीवरून ओढली की जाळी फाटते आणि कांदा सोलवटतो, म्हणून व्यापारी ओरडतात. ताडपत्रीवर ती तक्रार राहिली नाही. ओढताना पाठीला कष्ट आहेत, पण पंचवीस किलो घोट्यापासून वर आणण्याचे नाहीत.

पट्टा सोडायला लावला, हळूहळू. निरोगी कामगारांना दुखापतीपासून वाचवण्यासाठी पट्ट्याची शिफारस करण्याइतका पुरावा नाही असं नायॉशने १९९४ मध्येच म्हटलं आहे. नानांच्या बाबतीत तर पट्टा बांधला की ते जास्त बिनधास्त वाकत. व्यायाम थोडेच दिले: कुशीवर कोपर टेकून अंग उचलणं आणि ओणवं होऊन उलट हात-पाय लांब करणं. दोन्ही त्यांनी पहिल्याच फटक्यात असे केले की माझ्याकडचे तिशीतले आयटीवाले लाजतील. ताकदीची उणीव नव्हतीच.

सहा आठवड्यांनी पहिल्या गाडीची कळ जवळपास गेली होती. पोक काढून स्टूल ओढल्यावर थोडी जाणवे, हात सोडावे लागत नव्हते. तीन महिन्यांनी तीही गेली. मधे एकदा भातलावणीला गावी गेले, रात्रभर एसटीत बसून सकाळी थेट चिखलात वाकले आणि दोन दिवस अंथरुणात काढले. तिथून फोन आला तेव्हा मला काही विचारायची गरज पडली नाही, त्यांनीच सगळं कारणासह सांगितलं.

हे बदल केल्यानेच बरं वाटलं असं मी म्हणणार नाही. कंबरदुखी पुष्कळदा आपोआप ओसरते, आणि एकाच माणसात तुलना कशाशी करायची? पण लावणीच्या वेळी दुखणं ज्या पद्धतीने परत आलं, रात्रीच्या प्रवासानंतर, सकाळी, पूर्ण वाकून, ती पद्धत आमच्या अंदाजाला धरून होती. एवढाच पुरावा माझ्याकडे आहे.

न सुटलेला भाग गाडीतच आहे. पहिल्या गाडीचे शेवटचे दोन थर आता नाना करत नाहीत, म्हणजे दुसरं कोणीतरी करतं. ताडपत्री आमच्या टोळीने स्वीकारली, पण शेजारच्या गाळ्यांवर अजून तसंच उचलतात, आणि घाईची गाडी असली की आमचेही उचलतात, कारण गोणी ओढण्यात वेळ जातो आणि मजुरी गोणीवर मिळते. नानांच्या जागी एक चोविशीतला मुलगा चढतो. त्याला काही होत नाही, अजून तरी. मी मुकादमांना सुचवलं की दर गाडीला खालच्या थरांची जोडी बदला. त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. टोळीत कोण कुठे उभं राहतं यात वय, मान आणि गावकी गुंतलेली असते, ती एका फिजिओच्या सांगण्यावरून हलत नाही. सध्या त्यांनी एवढंच केलंय की पहिल्या गाडीच्या शेवटच्या दोन थरांना त्याच्यासोबत रोज वेगळा माणूस देतात, आणि पुढच्या आठवड्यात त्या पोराला स्टूल ओढायला माझ्याकडे पाठवणार आहेत.